ठेक्याचा आस्वाद आणि आशयाची बांधिलकी

दलित साहित्याच्या चळवळीत 'आस्वाद' हा शब्द कधीच फारशा विश्वासाने उच्चारला गेला नाही. त्याला कारणे आहेत. ज्यांची पोटे भरलेली होती त्यांनी आस्वादाची भाषा केली आणि ज्यांची पोटे रिकामी होती त्यांच्या लेखनाला 'हे साहित्य की प्रचार?' असा प्रश्न विचारला. त्यामुळे आस्वाद म्हणजे आरामखुर्चीत बसलेल्यांचा धंदा, अशी आपली समजूत झाली. ती समजूत पूर्ण खोटी नाही. परंतु ती पूर्ण खरी आहे काय, हे तपासण्याची वेळ माझ्यावर एका विद्यार्थ्याने आणली.

बारामतीत आम्ही काही शिक्षक, कार्यकर्ते आणि विद्यार्थी मिळून महिन्यातून एकदा अभ्यासमंडळाची बैठक घेतो. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने येणारा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात बैठकीला मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन आला. त्याला आम्हांला अरिवू आणि ऑफ्रो या जोडीचा 'तेरुक्कुरल' हा २०१९ चा तमिळ रॅप अल्बम ऐकवायचा होता. अरिवू हा अरक्कोणमचा तरुण दलित कवी. पा. रंजित या चित्रपट दिग्दर्शकाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या गायक-वादकांच्या संघात तो होता. या संघाचा पहिला जाहीर कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत झाला. एवढी पार्श्वभूमी मुलाने सांगितली आणि एक गाणे लावले. ते संपल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, "यात सांगितलंय काय?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, तमिळ मला येत नाही. अर्थ मी नंतर शोधला. पण खरं सांगू का, मी हे संदेशासाठी ऐकत नाही. ठेका कसा पडतो आणि शब्द एकमेकांवर कसे आपटतात, त्यासाठी ऐकतो."

यावर ज्येष्ठांचे उत्तर कडक होते. "बाबासाहेबांनी आपल्याला नाचायला शिकवलं नाही. ठेक्यावर डोलायचं असेल तर लोकांची वरात आहेच की." मुलाने स्पीकर बंद केला. पुढच्या दोन बैठकांना तो आला नाही. अध्यक्षस्थानी मी होतो आणि मी काही बोललो नाही. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ज्येष्ठांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. गाण्याला आपण करमणूक कधी मानलेच नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव आंबेडकरी जलसे नेले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, परंतु त्यातले गण-गवळण काढून त्या जागी चळवळीचा विचार आणला. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्यात तेच केले. आपल्या दहा भाषणांचे काम शाहिराचे एक गाणे करते, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. ज्या समाजाला शाळेचे दार बंद होते, त्याच्यासाठी गाणे हेच पुस्तक आणि गाणे हेच वर्तमानपत्र होते. पुस्तक हाती आल्यावर कोणी त्याच्या पुठ्ठ्याची तारीफ करीत बसला, तर वडीलधाऱ्यांना राग येणारच.

परंतु याच परंपरेकडे जरा बारकाईने पाहावे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्यांमागे लोक वेडे झाले ते केवळ विचारामुळे काय? विचार तर भाषणातही होता, पत्रकातही होता. वामनदादांनी लोकांच्या ओठांवर आधीच बसलेल्या, सिनेमाच्यासुद्धा, चाली घेतल्या आणि त्यांत आपले शब्द भरले. चाल ओळखीची असल्याने अनोळखी विचार घरात आला. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यालाही तोच आणि भीमगीतालाही तोच. लोक आधी आवाजाला भुलत आणि मग शब्दांपाशी पोहोचत. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने आपण मुलाला दटावले, तिनेच ठेक्याला, चालीला आणि गळ्याला पुढे पाठवून विचाराची वाट मोकळी केली होती. दाराशी आलेल्या पाहुण्याला 'तू आत का आला नाहीस?' असे विचारणे ठीक आहे. 'दाराशी का आलास?' असे विचारणे ठीक नाही.

हिप-हॉपचा इतिहासही हेच सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकातून आलेल्या काळ्या तरुणाने आपल्या बहिणीने ठरवलेल्या एका पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला ज्या जागी फक्त ताल उरतो तो तुकडा, एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन, त्याने लांबवत नेला. पोरे नाचली. तेथे संदेश नव्हता. 'द मेसेज' हे झोपडपट्टीचे जिणे सांगणारे गाणे आले १९८२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. ज्या संघाच्या नावावर ते निघाले, त्यातले काही वादक आरंभी त्याला राजी नव्हते. लोकांना नाचायचे असते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे पँथर १९७२ मध्ये जन्मली ती ओकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेथून आपण क्रोध घेतला, घोषणा घेतली. त्याच माणसांचा ठेका मात्र आपण संशयाने पाहतो, हे कसे?

आता थोडे घरातले सांगतो. माझा आजा हलगी वाजवायचा. इंदापूर तालुक्यात आमच्या भागात यात्रा असो, लग्न असो, बैलपोळा असो, मांगवाड्यातून त्याला बोलावणे यायचे. बोलावणे म्हणजे हुकूमच. उसाच्या पाचटाचा जाळ करून तो हलगी शेकायचा, कातडे ताणले की एका हातात जाड आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन उभा राहायचा. हलगी कडाडली की गाव म्हणायचे, 'मांगाच्या हाताला जादू आहे.' हाताची तारीफ व्हायची, परंतु त्या हाताला मांडवात पान मिळत नसे. जेवण मांडवाबाहेर, तेही सगळ्यांचे झाल्यावर. म्हणून माझ्या वडिलांनी हलगीला हात लावला नाही. साखर कारखान्यात हंगामी कामाला लागले, मुलाला शाळेत घातले, आणि घरात ठेका धरलेला त्यांना चालत नसे. मी ताटावर बोटे वाजवली तरी ते म्हणायचे, "त्या हाताने लिही." मी लिहिले. घराण्यातला पहिला पदवीधर झालो. वडिलांचे बरोबर होते.

परंतु आज्याची एक आठवण आईने सांगितलेली आहे. यात्रेहून परत आल्यावर, गाव झोपल्यावर, तो कधीकधी दाराशी बसून हलगी वाजवायचा. तेथे हुकूम नव्हता, पैसा नव्हता, ऐकायला कोणी पाटील नव्हता. हळू हाताने, नुसता स्वतःसाठी. त्या वाजवण्यात संदेश काय होता? मला वाटते, एवढाच होता: हा हात माझा आहे.

आपल्या समीक्षेने आज्याचे दिवसाचे वाजवणे पाहिले, त्यातले शोषण दाखवले. ते योग्यच केले. परंतु रात्रीचे वाजवणे तिने ऐकले नाही. ज्या कलेवर जातीने वेठ लादली, त्या कलेतला आनंदही जातीचाच आहे असे मानून आपण तो टाकून दिला. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे सांगितली आणि मराठीच्या वर्गात ती मी दरवर्षी शिकवतो. त्या तत्त्वांची उदाहरणे चित्रातून, कवितेतून देतो. एका काडीने संवाद धरायचा, दुसरीने विरोध करायचा आणि दोन्ही समेवर आणून तोलायच्या, हे माझ्या आज्याला हाताने ठाऊक होते. त्याचे उदाहरण द्यायला मला इतकी वर्षे धीर झाला नाही.

येथे एका मोठ्या प्रश्नाला हात घालावा लागतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदावर उभारलेली सौंदर्यकल्पना दलित साहित्याला लागू पडत नाही, अशी भूमिका घेतली. वेदनेचे आणि विद्रोहाचे साहित्य वाचून कोणी आनंदित होत असेल तर काहीतरी चुकते आहे, हा त्यामागचा विचार आहे. त्या वेळी तो आवश्यक होता. प्रस्थापितांच्या फुटपट्टीने मोजायला नकार देणे हे पहिले पाऊल असते. परंतु नकाराचे पाऊल उचलून आपण कोठे उभे राहिलो? प्रस्थापित समीक्षक म्हणत होते, 'यांच्याजवळ आशय आहे, कला नाही.' आपण म्हटले, 'आम्हांला तुमची कला नकोच, आमचा आशय पाहा.' म्हणजे वाटणी त्यांनी केली आणि आपण ती मान्य केली. कौशल्य, शब्दांची कारागिरी, लय यांचा हिस्सा त्यांना देऊन आपण दुःखाचा हिस्सा घेतला. दलित कलावंताला फक्त त्याच्या संदेशासाठी मानणे म्हणजे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कायमचे उभे करणे होय. साक्षीदाराने खरे बोलावे एवढीच अपेक्षा असते, सुंदर बोलावे अशी नसते.

आणि ही वाटणी वस्तुस्थितीलाही धरून नाही. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. त्या कवितांतले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, याची कबुली तेंडुलकरांनीच तेथे दिली आहे. तरी त्या कवितेने मराठी वाचकाला धरले. अर्थ पुरता लागण्याआधी नामदेव ढसाळांच्या भाषेचा आघात पोहोचला, आणि तो पोहोचला म्हणून लोक अर्थाच्या मागे लागले. तमिळ न येणारा इंदापूरचा मुलगा 'तेरुक्कुरल' ऐकतो तेव्हा याहून वेगळे काय घडते?

आता त्या अल्बमकडेच येऊ. नावापासून सुरुवात करावी, कारण माझ्या मते अल्बमची सारी भूमिका त्या नावात आहे. 'तिरुक्कुरळ' हा तिरुवळ्ळुवरांचा १३३० द्विपदींचा प्राचीन तमिळ ग्रंथ. 'तिरु' म्हणजे पवित्र आणि 'कुरळ' म्हणजे ती छोटी द्विपदी. अरिवूने एक स्वर बदलला, 'तिरु'चा 'तेरु' केला. 'तेरु' म्हणजे रस्ता. शेवटचे एक व्यंजन बदलले, 'कुरळ'चा 'कुरल' केला. 'कुरल' म्हणजे आवाज. पवित्र द्विपदीच्या जागी रस्त्याचा आवाज उभा राहिला, आणि तरीही कानाला जुन्या ग्रंथाचे नाव ऐकू येत राहते. ग्रंथ नाकारलेला नाही. त्याच्या शेजारी, त्याच्याच वजनात, रस्ता आणून बसवला आहे.

याला शब्दखेळ म्हणावे की विचार? माझे उत्तर असे की, येथे शब्दखेळ हाच विचार आहे. 'पवित्र ग्रंथाइतकाच रस्त्याचा आवाज मोलाचा आहे' हे वाक्य कोणीही लिहील आणि वाचणारा मान हलवून विसरेल. 'तिरु'चा 'तेरु' होताना जो धक्का बसतो, तो त्या वाक्यात नाही. आणि ळ आणि ल यांत केवढे अंतर असते, हे मराठीत आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक? 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' आला म्हणून वर्गात हसे झालेली मुले आपल्यातलीच होती. मी स्वतः बारावीपर्यंत 'पानी' म्हणत होतो आणि पहिल्या रांगेतले हसत होते. ज्या अक्षराच्या फरकाने आपल्याला बाहेर काढले, तसल्याच फरकाचे हत्यार करून एक दलित कवी आत शिरतो, याचा आनंद मला का होऊ नये? हे मला कोणी समीक्षकाने दाखवले नाही. त्याच मुलाने, नंतर मी त्याला गाठले तेव्हा, एसटीच्या थांब्यावर उभ्या उभ्या सांगितले. ठेक्याने त्याला शब्दांकडे नेले होते, शब्दखेळाने अर्थाकडे. आम्ही त्याला वाटेतच अडवले होते.

येथवर मी मुलाचा वकील झालो. आता दुसरी बाजू.

बारामती-इंदापूर रस्त्यावर राहणाऱ्याला ठेक्याची ताकद आणि ठेक्याची फसवणूक या दोन्ही गोष्टी आषाढात एकदम दिसतात. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते. हजारो टाळ एका वेळी पडतात, अंगावर काटा येतो. त्या ठेक्यावर चोखोबांचे अभंगही गायले जातात. ते अभंग शतकानुशतके गायले गेले, त्यांची गोडी वाखाणली गेली, डोळ्यांतून पाणी आले. आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडे व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. तोवर चोखोबा पायरीपाशीच होता. म्हणजे नुसता आस्वाद माणसाला दारातून आत नेतोच असे नाही. तो सहाशे वर्षे माणसाला पायरीवर ठेवून त्याच्या गाण्यावर डोलूही शकतो.

दुसरे उदाहरण अरिवूचेच. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे आले. अरिवू आणि धी यांनी ते गायले. त्यामागे अरिवूच्या आजीची, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून भूमिहीनच परतलेल्या वळ्ळीअम्माळची कहाणी आहे. ज्यांनी जमीन कसली त्यांच्या हातात जमीन नाही, हा त्याचा गाभा. गाणे देशभर गाजले. आपल्याकडेही लग्नाच्या वरातींत वाजले. ज्या शेताच्या कडेने ती वरात गेली, त्या शेतात ऊस तोडणाऱ्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसेल, ही गोष्ट नाचणाऱ्यांच्या मनात आली असेल असे वाटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये एका प्रसिद्ध संगीत-मासिकाने या गाण्याच्या निमित्ताने मुखपृष्ठ काढले, त्यावर अरिवू नव्हता. टीका झाल्यावर त्याच्यासाठी निराळे मुखपृष्ठ निघाले. २८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनाला ते गाणे झाले, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. त्यावर वाद झाला, दोन्हीकडून खुलासे झाले. त्याचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु चित्र ओळखीचे आहे. ठेका मांडवात आणि वाजवणारा बाहेर.

तिसरी गोष्ट पवळाची. पवळा ही महार समाजातली तमाशाची थोर नर्तिका. पठ्ठे बापूरावांच्या फडाचे वैभव तिच्यावर उभे होते. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूराव तमाशाच्या खेळाचे उत्पन्न द्यायला निघाले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपल्याला माहीत आहे. चळवळीला पैशाची निकड होती. तरीही आमच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा नको, असा तो नकार होता. त्यातून कलेचा तिटकारा दिसत नाही. प्रश्न एवढाच होता की हा आनंद कोणाच्या जिवावर घेतला जातो?

हाच प्रश्न आमच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारला. मुलगा परत आल्यानंतरच्या चर्चेत ती म्हणाली, "सर, ठेका चांगला आहे म्हणून मी बाईवरची शिवी पण गोड मानायची का? ह्याच्या मोबाइलमधली निम्मी गाणी मला ऐकवत नाहीत." मुलगा गप्प झाला. मीही उत्तर शोधू लागलो. रॅपमध्ये बाईचा उपमर्द करणारी गाणी ढिगाने आहेत, आपल्या देशातही. त्यांचा ठेका बिनचूक असतो, यमके चपखल असतात. 'मी संदेशासाठी ऐकत नाही' हे वाक्य तेथे बोलणाऱ्याला सोयीचे पडते, कारण घाव त्याच्यावर पडत नाही. उच्चवर्णीय रसिक शतकानुशतके असाच म्हणत आला, 'मी फक्त कला पाहतो.' आपणही बाईच्या बाबतीत तेच म्हणू लागलो, तर आपल्यात आणि त्या मांडवात फरक तो काय?

म्हणून मला असे मांडावेसे वाटते. ठेक्याचा, शब्दखेळाचा आनंद हा आपला हक्क आहे. त्याबद्दल कोणाही तरुणाला अपराधी वाटायला लावू नये. चवदार तळ्याचे पाणी प्यायला आपण गेलो तेव्हा पाणी गोड आहे की नाही हा प्रश्न गौण होता, परंतु पाणी चाखण्याचा हक्कही त्या हक्कातच होता. मात्र आनंद घेणाऱ्याने दोन प्रश्नांना बांधील राहिले पाहिजे. हा ठेका ज्याच्या हाताचा आहे, तो मांडवात आहे काय? आणि माझ्या आनंदाची किंमत दुसरे कोणी भरते आहे काय? हे प्रश्न गाणे ऐकण्याआधी विचारले तर गाणे मरते. कधीच विचारले नाहीत तर माणूस मरतो. ते ऐकल्यानंतर, पण चुकवू न देता, विचारावेत. क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

समीक्षेपुढेही यातून काम उभे राहते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गावोगाव डीजेवर भीमगीते वाजतात. त्याविषयी आपण दोनच भाषा बोलतो, एक कौतुकाची आणि एक तिरस्काराची. ते नवे ठेके कोण बांधतो, जुन्या चालीचे त्यात काय होते, कोणता शब्द दाबला जातो आणि कोणता वर येतो, हे ऐकून लिहिणारा कोणी आढळत नाही. हलगीच्या बोलांवर, जलशातल्या चालींवर, वामनदादांच्या यमकांवर कारागिरीच्या अंगाने लिहिलेले पानही शोधावे लागते. आशयावर आपण पुष्कळ लिहिले. हाताबद्दल लिहायचे राहिले आहे.

आमच्या अभ्यासमंडळाने आता असे ठरवले आहे की, कोणतेही गाणे दोनदा ऐकायचे. पहिल्यांदा कोणी मध्ये बोलायचे नाही. दुसऱ्यांदा शब्द कागदावर घेऊन, अर्थासह. पहिल्या वेळी ज्येष्ठांनी गप्प बसायचे आणि दुसऱ्या वेळी तरुणांनी पळ काढायचा नाही. ज्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मुलाला दटावले होते, त्यांनी ही अट मान्य केली आहे, मात्र आपले मत बदललेले नाही असेही बजावले आहे. तेही योग्यच. त्या विद्यार्थिनीने पुढच्या बैठकीसाठी गाणे निवडायचे आहे.

आणि मी यंदा वर्गात लयीची तत्त्वे शिकवताना हलगी नेणार आहे. घरची हलगी उरलेली नाही, मागून आणावी लागेल. वाजवता मला येत नाही. शिकवायला वर्गातलेच कोणीतरी निघेल.